पाठ केलेल्या विश्वासाला वही हवी

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांना विश्वासात पक्कं करण्याच्या वर्गात आमच्याकडून प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली होती. दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, आणि मग प्रश्नांची रांग: पाप म्हणजे काय, तारण कशानं होतं, संस्कार किती. मी एकही उत्तर चुकले नाही. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, घरी आईनं कुंदा आणला. झोपेतून उठवून विचारलं तरी ती उत्तरं मला आजही येतात. पण त्या वर्गात आणि त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत एक गोष्ट मला कुणी विचारली नाही: यातलं तुझं स्वतःचं काय आहे? तुझ्या शब्दांत लिही बघू.

ते विचारायला हवं होतं. निदान आज त्या बाकांवर बसणाऱ्या मुलांना तरी विचारायला हवं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी लिहिणं हा भक्तीचाच भाग मानावा, जसं गाणं मानतो, उपास मानतो, दान मानतो, असं माझं म्हणणं आहे. यातून लेखक घडावेत अशी माझी अपेक्षा नाही, आणि वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काही छापून यावं अशी तर मुळीच नाही. देवापुढं खरं बोलायची सवय लागावी, एवढ्यासाठी हे हवं.

खरं बोलायचीही सवय लावून घ्यावी लागते, हे मला फार उशिरा कळलं. आई आजारी होती ते दिवस. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. रोज संध्याकाळी मंडळीतली चार-सहा माणसं घरी यायची, पलंगाभोवती उभं राहून प्रार्थना व्हायची, आणि माझी पाळी आली की मी म्हणायची, ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ सगळे ‘आमेन’ म्हणायचे. एका रात्री तिच्या औषधांच्या वेळा टिपायच्या वहीत, गोळ्यांच्या नावांखाली, मी तेच वाक्य लिहिलं. का लिहिलं ते आठवत नाही. लिहून झाल्यावर त्याच्याकडं बघवेना. माझ्याच अक्षरातलं ते वाक्य खोटं होतं. मला त्याची इच्छा पूर्ण व्हायला नको होती, मला आई हवी होती. मग खाली लिहिलं, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ नये. तिला राहू दे.’ त्यापुढं दोन पानं लिहिली, शहाण्या बाईनं देवाला म्हणू नये असं बरंच त्यात आहे. कित्येक दिवसांनी त्या रात्री मी प्रार्थना केली असं मला वाटलं.

आई त्याच पावसाळ्यात गेली. वही अजून माझ्याकडं आहे. अंत्यविधीनंतर तीन आठवड्यांनी लिहिलेली एक ओळ तिच्यात आहे: ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’. एवढीच, पुढचं क्रियापद नाही. घरच्या प्रार्थनेत मी ते वाक्य पुरं केलं असतं, कारण लोक आमेन म्हणायला थांबलेले असतात. कागदाला घाई नसते. ते क्रियापद माझ्या हातून लिहून व्हायला पुढचा नाताळ उजाडला, आणि ते लिहिलं तेव्हा मला ते खरंच म्हणायचं होतं.

आपल्या मंडळ्यांतल्या बोलण्यात काही वाक्यं रुळून गेली आहेत. ‘प्रभूनं आजवर सांभाळलं.’ ‘त्याची कृपा पुरेशी आहे.’ ‘प्रार्थनेत आठवण ठेवा.’ ही वाक्यं आपल्या आज्यांनी दुष्काळात आणि प्लेगात म्हटलेली आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण त्यांनी ती स्वतः भोगून मिळवली होती आणि आपल्याला ती आयती मिळाली. साक्ष द्यायला माणूस उभा राहतो, दोन मिनिटांत ही सगळी वाक्यं येऊन जातात, आणि त्याचं काय झालं होतं हे आपल्याला कळतच नाही. त्यालाही कळत नसावं. तोच माणूस लिहायला बसला तर ‘प्रभूनं सांभाळलं’ एवढ्यावर पेन थांबतं. कशातून सांभाळलं? कधी? आणि जेव्हा नाही सांभाळलं, धंदा बुडाला, पोर गेलं, तेव्हा काय? या प्रश्नांना सामोरं जाऊन उरलेला विश्वास त्याचा स्वतःचा असतो.

शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, याचा धडा आहे. तेरावं स्तोत्र घ्या. स्तोत्रकर्ता देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार? आणि सहा वचनांत तो भरवशापर्यंत येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र कुठंच येत नाही, ते अंधारातच संपतं. तरी कुणीतरी ते लिहून ठेवलं, पिढ्यान्‌पिढ्या नकलून घेतलं, आणि ‘याचा शेवट बरा नाही’ म्हणून कुणी ते गाळलं नाही. आमच्या रविवारच्या भक्तीत ते मोठ्यानं वाचलेलं मी कधी ऐकलं नाही.

आणि यासाठी आपल्याला कुणाची उसनवारी करायची गरज नाही. बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेच्या पुस्तकांत ते ‘यमुनापर्यटन’चे, म्हणजे १८५७ मधल्या मराठीतल्या पहिल्या कादंबरीचे लेखक म्हणून भेटतात, आणि तिथंच आपली त्यांच्याशी ओळख संपते. मला त्यांचं ‘अरुणोदय’ हे स्वतःचं चरित्र जास्त मोलाचं वाटतं. नाव बघा: सूर्योदय नाही, अरुणोदय. आधी नुसतं तांबडं फुटतं, मग आकार दिसू लागतात, सूर्य त्यानंतर. घरचे देवधर्म आणि व्रतं, मिशनच्या शाळेतलं शिक्षण, वाचन, जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त परमहंस सभेतले दिवस, शंका, भीती, हे सगळं त्यात येतं. एका रात्रीत सगळं बदललं असं सांगणाऱ्या साक्षी आपण सभांमधून ऐकतो. ज्याला तसं काही झालेलं नसतं तो मागच्या बाकावर बसून स्वतःला कच्चा समजत राहतो. त्याच्या हातात हे पुस्तक द्यावं. बेळगावातल्या किती ख्रिस्ती घरांत ते आहे, हा प्रश्न मी स्वतःपासून सुरू करून विचारते. माझ्या घरात पन्नाशीपर्यंत नव्हतं.

लक्ष्मीबाई टिळकांबद्दल वेगळं सांगायला नको, पण तारखा एकदा शेजारी ठेवून बघाव्यात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, लक्ष्मीबाईंचा १९०० मधला, आणि ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपानं येऊ लागली १९३४ मध्ये. बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनी, साठी ओलांडलेली आणि शाळेत न गेलेली ही बाई मागं वळून सगळं नीट बघते. त्या पुस्तकात श्रद्धेची व्याख्या कुठंच नाही. पाणी आहे, सोवळं आहे, नवऱ्यावरचा राग आहे, मनातून जातिभेद गळून पडल्याचा प्रसंग आहे. तो वाचताना मला नेहमी वाटतं, झालं तेव्हा ते एका क्षणात झालं असेल, पण त्याचं वजन त्यांना लिहिताना कळलं असेल.

आपला हा भाग तर लिहिण्याला केवढा मान देतो! हिवाळा आला की कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं असतात, बायका दारात सडा-रांगोळी करून उभ्या राहतात. १९५६ मध्ये हा भाग कन्नड राज्यात गेला, त्यानंतर इथं मराठी लिहिणं-वाचणं ही नुसती आवड राहिली नाही. आपण आहोत हे सांगायची ती रीत झाली. मी त्या दिंडीत चालले आहे, माझ्यासारखी मंडळीतली आणखीही माणसं असतात. आणि पुढच्या रविवारी देवळात जावं तर तिथं हातात पेन धरायचं एकच निमित्त, वर्गणीची पावती. मुलांना वचनं पाठ करण्याची बक्षिसं आहेत, बायबल प्रश्नमंजूषा आहे. मोठ्यांच्या फोनवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर छापलेलं वचन येतं, तेच ते पुढं पाठवतात. पाठवणाऱ्याची माया खरी असते, मला ती हवीही असते. पण त्यात पाठवणाऱ्याचा स्वतःचा एक शब्द नसतो.

आता भाषेचं बघू, कारण इथं भाषेपाशी आल्याशिवाय कुठलीच गोष्ट पुढं सरकत नाही. आमच्या मंडळीतली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी किंवा कन्नड, बाजारात कन्नड आणि हिंदी. मराठी गाणी ती गळा सोडून गातात, पण पुस्तकातनं नाही. शब्द इंग्रजी अक्षरांत फोनवर लिहून घेतलेले असतात. मी शिक्षिका. हे बघून मी बरीच वर्षं पोरांना रागवत आले. मग एकदा लक्षात आलं की चोर्ला घाट उतरून गेलं की खाली गोव्यात, रायतूरला, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. त्याच्या अकरा हजारांच्या घरातल्या मराठी ओव्या रोमन अक्षरांतच छापल्या होत्या. देवनागरीचे खिळे तिथं नव्हते. मराठी भाषेची रत्नांशी आणि फुलांशी तुलना करणाऱ्या त्या प्रसिद्ध ओव्यासुद्धा आधी त्याच अक्षरांत छापल्या गेल्या. मराठीतल्या पहिल्या थोर ख्रिस्ती काव्याला जे चाललं, ते बेळगावच्या टिळकवाडीतल्या किंवा कॅम्पातल्या पंधरा वर्षांच्या पोराला का चालू नये? देवनागरी त्याला शिकवावीच, मी शिकवतेच आहे. पण ती येईपर्यंत त्यानं देवाशी गप्प राहावं, हे बरोबर नाही.

मराठीही कुठली, हा प्रश्न आहेच. प्रार्थनेला उभं राहिलं की आपण सगळे पुस्तकी होतो. ‘हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन...’ घरी आलं की ‘बघ की गा, काय झालंय ते.’ माझ्या आईच्या वहीतल्या त्या दोन पानांत एकही पुस्तकी शब्द नाही, आणि मध्येच चार कन्नड शब्द आहेत, कारण लहानपणापासून रागावताना माझ्या तोंडात तेच येतात. पंडिता रमाबाई संस्कृतच्या केवढ्या अधिकारी! आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जन्मलेली ही विदुषी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि बायबल मुळातून मराठीत आणू लागली, तेही साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२२ मध्ये त्या वारल्या, संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आलं. देवाचं बोलणं सोप्या मराठीत यावं म्हणून त्या इतक्या झिजल्या. मग आपलं बोलणं त्याच्यापर्यंत इस्त्री करून कशाला न्यायचं? बेळगावी हेल तसाच वहीत उतरू द्यावा. आणि एखाद्या सुनेला घाबरल्यावर कन्नडच सुचत असेल, खानापूरकडच्या एखाद्या कॅथलिक आजीला कोंकणीच, तर त्यांनी त्याच भाषेत लिहावं. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझं त्यावर मत आहे, आणि ते मी योग्य जागी मांडते. प्रार्थनेच्या वहीत सीमा आखू नये.

माझ्या ओळखीतले मंडळीतले एक जुने वडीलधारे गृहस्थ या कल्पनेला ठाम विरोध करतात, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. विश्वास ऐकण्यानं होतो, असं ते सांगतात आणि बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय काढून दाखवतात. खरं आहे. मीही ऐकूनच विश्वास ठेवायला लागले, आईच्या मांडीवर. पण पौलानं ते रोमकरांना लिहून कळवलं, म्हणून तर आपण दोघं त्यावर वाद घालू शकतो. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो: रोज आपल्याच मनाबद्दल लिहीत बसणारा माणूस देवापेक्षा स्वतःतच गुंतत जातो. हे होतं. माझंही झालंय, आठवडेच्या आठवडे वहीत नुसतं ‘मी’ आणि ‘मला’. यावर मला सापडलेला उपाय संत ऑगस्टिनचा आहे. इसवी सन ४०० च्या सुमाराला त्यानं आपल्या आयुष्याची कबुली लिहिली ती वाचकाला उद्देशून नाही, पहिल्या ओळीपासून देवालाच ‘तू’ म्हणत. ‘आज मला फार राग आला’ असं लिहिलं की आपण आपल्यापाशीच राहतो. ‘तू बघितलंस ना, आज मला किती राग आला’ असं लिहिलं की समोर कुणीतरी येऊन बसतं. एका सर्वनामाचा फरक आहे, करून बघावा.

सगळ्यात जड आक्षेप मात्र त्यांनी घेतला नाही, एका तरुण मुलीनं घेतला. ‘मॅडम, लिहीन हो, पण ठेवू कुठं?’ दोन खोल्यांत सहा माणसं, कपाटाला कुलूप नाही, सासू वाचते, दीर वाचतो. याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. एवढंच म्हणते, की लिहून फाडलेली प्रार्थनाही प्रार्थनाच असते. ज्याला लिहिली त्यानं ती वाचलेली असते. पण मंडळीची इथं एक जबाबदारी आहे. एका ठिकाणी असाच उपक्रम झाला होता. तिथं वह्या गोळा करून घेतल्या, आणि एका मुलीचं पान ‘किती छान लिहिलंय’ म्हणून सभेत वाचून दाखवलं. वाचणाऱ्याच्या मनात कौतुकच होतं. ती मुलगी पुन्हा त्या सभेला आली नाही. तेव्हा वह्या तपासायच्या नाहीत, गोळा करायच्या नाहीत, स्पर्धा ठेवायच्या नाहीत. कुणाला आपणहून वाचून दाखवायचं असेल तर त्यानं पाळकसाहेबांना एकट्याला दाखवावं, आणि त्यांनी ते तिथंच विसरावं.

सुरुवातही फार मोठी नको. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो तिथपासून, पुढचे चाळीस दिवस पुरेत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलच्या राजाला आज्ञा आहे की गादीवर बसल्यावर त्यानं नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी वहीत लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर वाचावी. राजाकडं काय लेखनिक कमी होते? पण हातानं उतरवताना डोळा जिथून घसरतो तिथं हात अडखळतो. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे मी हजारो वेळा म्हटलंय. नकलून घेताना त्या ‘जसे’पाशी माझा हात थांबला, कारण एका नातेवाइकाचं ऋण मी अजिबात सोडलेलं नव्हतं. म्हणून रोज स्तोत्राची चार वचनं उतरवावीत, आणि खाली एक ओळ आपली. एकच. दृढीकरणाच्या वर्गात पाठांतर राहू दे, मी त्याच्या विरोधात नाही. पाठ केलेलं संकटात धावून येतं. पण शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाला एक कोरी वही द्यावी आणि सांगावं की ही आम्ही कधीच मागणार नाही.

राहिला प्रश्न लिहिता न येणाऱ्यांचा. आमच्या मंडळ्यांत अशा म्हाताऱ्या अजून आहेत, आणि विश्वासानं त्या आमच्यापेक्षा कितीतरी पुढं आहेत. पण लिहिणं म्हणजे आपल्याच हातात पेन हवं, हे कुणी सांगितलं? रोमकरांस पत्राच्या शेवटी पौलाचा लेखनिक तर्तियस मध्येच स्वतःचा सलाम सांगून जातो. म्हणजे ते एवढं मोठं पत्र पौलानं तोंडी सांगितलं आणि दुसऱ्यानं लिहिलं. आपल्याकडं शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबा आदरानं लेखक झाले. आदरानं, हा शब्द ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या त्या ओवीतलाच. आमच्या तरुण मुलांना मंडळीत काय काम द्यावं असा प्रश्न समितीत दर वेळी निघतो. हे काम आहे. वही घेऊन आजीशेजारी बसावं आणि ती सांगेल ते, ती सांगेल तसं, आदरानं लिहावं.

मी ते सध्या एका आजींसाठी करते, मच्छे भागातल्या. ब्याऐंशी वय, सही अंगठ्याची. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘लिही. देवा, तू मला काही कमी केलं नाहीस.’ मी लिहिलं. ‘लिही. नवरा गेला तरी मी रडले नाही, तुझ्यावर भार टाकला.’ तेही लिहिलं. मग म्हणाल्या, वाचून दाखव. मी दोन्ही वाक्यं वाचली. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, बाहेर कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

‘ते दुसरं खोड,’ त्या म्हणाल्या. ‘ते मी लोकांना सांगते.’

मी खोडलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मी पेन उघडं ठेवून बसून राहिले.